पृथ्वीलाही यादीतून काढतील का?

सेलू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी विचारलं आहे: "आठवीच्या वर्गात सूर्यमालेचा धडा चालू होता. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, सर, मतदान करून प्लूटोला काढलं म्हणता, मग उद्या पुन्हा मतदान घेऊन पृथ्वीलाही काढतील का? आणि माझी आजी नवग्रह म्हणते, त्यात तर सूर्य आणि चंद्र आहेत. आजीचं चूक की पुस्तकाचं? मला धड उत्तर देता आलं नाही. तुम्ही काय सांगाल?"

गुरुजी, आधी त्या लेकराला माझी शाबासकी कळवा. तीस वर्षं झाली, अंबाजोगाईपासून किनवटपर्यंत आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतोय. "प्लूटोला का काढलं?" हा प्रश्न विचारला गेला नाही असा कार्यक्रम आठवत नाही. पण आजीचे नवग्रह आणि प्लूटो हे दोन्ही एकाच दमात विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. हे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत.

पृथ्वीला कसलाही धोका नाही, हे तिला बिनदिक्कत सांगा. मतदान झालं ते 'ग्रह' हा शब्द कशाला लावायचा यावर. प्लूटो केवढा आहे, त्याचं वजन किती, त्याच्या वाटेवर आणखी कोण कोण फिरतंय, हे हात वर करून ठरलेलं नव्हतं. ते आधीच मोजून झालेलं होतं. आणि आजी चुकत नाही. तिची व्याख्या जुनी आहे, पण ती व्याख्याच आहे.

आजीपासूनच सुरू करतो.

लहानपणी आमचं घर माळवदाचं होतं. चैत्र-वैशाखात खाली झोपणं अशक्य, त्यामुळे सगळं घर माळवदावर. आजोबा शाळेत गेलेले नव्हते. पण मृग कधी निघतो, रोहिणी कधी, हे त्यांना पेरणीपुरतं पक्कं ठाऊक होतं. ते बोट दाखवून सांगायचे, "चांदण्या बसून असतात, ग्रह चालतो." एका उन्हाळ्यात त्यांनी मला मंगळ दाखवला आणि म्हणाले, रोज बघ, कुठं जातो ते. मी शेजारच्या दोन चांदण्यांची खूण धरली. आठवडाभरात मंगळ त्यांच्यातून सरकून पुढे गेला होता. नंतर काही दिवस तो थांबल्यासारखा झाला आणि चक्क मागे फिरला. पंचांगात ज्याला वक्री म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं.

आजोबांचं ते वाक्य म्हणजे हजारो वर्षं सगळ्या जगात चाललेली ग्रहाची व्याख्या. ग्रीकांचा शब्दही 'भटकणारा' याच अर्थाचा. पाठीमागच्या स्थिर ताऱ्यांच्या पडद्यावर जो जागा बदलतो तो ग्रह. या व्याख्येत सूर्य येतो, कारण तो वर्षभरात सगळ्या राशींतून फिरतो. चंद्र येतो, तो तर महिन्याभरातच फिरतो. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी येतात. झाले सात. राहू आणि केतू हे डोळ्यांना दिसणारे गोल नाहीतच. चंद्राची वाट आणि सूर्याची वाट आकाशात जिथे एकमेकींना छेदतात ते हे दोन बिंदू. तेही जागचे हलतात, साधारण साडेअठरा वर्षांत उलट्या दिशेनं एक फेरा पुरा करतात. ग्रहण कधी लागणार याचं गणित त्यांच्याशिवाय जमत नाही, म्हणून गणित करणाऱ्यांनी त्यांना यादीत घेतलं. तुमच्या शेजारच्या पाथरीचंच उदाहरण घ्या. गोदावरीकाठचं जुनं पार्थपूर म्हणजे पाथरी, असं अभ्यासक मानतात. तिथल्या ज्ञानराज या ज्योतिर्विदानं १५०३ च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' लिहिला. त्या काळच्या सिद्धांतग्रंथांत ग्रहांची स्थानं आणि ग्रहणं काढायच्या रीती असत. त्या कामाला नऊचीच यादी हवी होती.

या यादीत पृथ्वी कुठंच नाही, हे त्या मुलीच्या लक्षात आणून द्या. आपण ज्यावर उभे आहोत ते चालताना दिसत नाही. म्हणून माणसाच्या इतिहासातला बहुतेक सगळा काळ पृथ्वी ग्रह नव्हती. १५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ निघाला. सूर्य मधोमध आणि बाकीचे त्याच्याभोवती, असं त्यानं मांडलं. ते पटायला पुढं शंभर वर्षं लागली. पण पटलं तसा 'ग्रह' या शब्दाचा अर्थ बदलला. आता सूर्याभोवती फिरतो तो ग्रह. सूर्य यादीतून गेला, चंद्र गेला, पृथ्वी आत आली. म्हणजे तिला ज्याची भीती वाटते त्याच्या उलट घडलंय: पृथ्वी ग्रहांत आली तीच मुळी एका व्याख्याबदलामुळे.

आता १७८१. इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलला १३ मार्चच्या रात्री घरच्या दुर्बिणीतून एक बिंदू ताऱ्यांपेक्षा जाडसर दिसला. त्याला वाटलं धूमकेतू. कक्षेचं गणित झालं तेव्हा कळलं की हा शनीच्याही पलीकडचा ग्रह आहे. जगानं त्याला युरेनस म्हटलं, पण आपल्या मराठी पंचांगांनी शोधणाऱ्याचंच नाव त्याला दिलं, हर्षल. मला हे फार आवडतं.

आता सेरेस. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण प्लूटोचं पुढं जे झालं ते सगळं सेरेसच्या बाबतीत दोनशे वर्षांपूर्वी घडून गेलंय. शाळेत ते कुणी सांगत नाही.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फार मोठी मोकळी जागा आहे. तिथं एखादा ग्रह असावा असं त्या काळच्या लोकांना वाटत होतं. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिली बेटावरच्या पालेर्मोत जुसेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची यादी करत होता. त्यानं वृषभ राशीत एक बारीक तारा नोंदवला. दुसऱ्या रात्री पडताळणीसाठी पाहिलं तर तो नोंदलेल्या जागी नव्हता. तिसऱ्या रात्री आणखी सरकलेला. फेब्रुवारीत पियाझ्झी आजारी पडला, निरीक्षणं थांबली, आणि पुढं तो बिंदू सूर्याच्या उजेडात हरवून गेला. चोवीस वर्षांच्या गाऊस या जर्मन गणितज्ञानं तुटपुंज्या नोंदींवरून त्याची कक्षा काढून दिली आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो पुन्हा सापडला. सिसिलीची धान्यदेवता सेरेस, तिचं नाव त्याला मिळालं. नवा ग्रह मिळाला म्हणून सगळे खूश.

पण १८०२ मध्ये तिथंच दुसरा सापडला, पॅलास. १८०४ मध्ये जूनो, १८०७ मध्ये व्हेस्टा. ग्रहांची संख्या अकरा झाली आणि पुस्तकांतही अकराच छापली जाऊ लागली. पुढची अडतीस वर्षं काहीच सापडलं नाही, त्यामुळे अकराचा आकडा अंगवळणी पडला. त्या काळात शिकलेल्या माणसाला कुणी "ग्रह किती?" विचारलं असतं तर त्यानं छातीठोकपणे अकरा सांगितलं असतं. मग १८४५ मध्ये पाचवा सापडला, आणि तिथून रांगच लागली. १८५० च्या दशकात ही सगळी मंडळी ग्रहांच्या यादीतून काढून वेगळी मांडली जाऊ लागली. हर्शेलनं १८०२ मध्येच त्यांच्यासाठी वेगळा शब्द सुचवला होता, आपण त्यांना लघुग्रह म्हणतो. त्यासाठी सभा भरली नाही की मतदान झालं नाही. मोजणाऱ्यांना दिसलं की हे एकटे नाहीत, हा एक थवा आहे, आणि त्या थव्यातला सर्वांत मोठा सेरेस. त्याचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. मुंबईहून नागपूर रस्त्यानं जितकं लांब, त्याहूनही जास्त.

सेरेस मी पियाझ्झीसारखाच धरलाय, फक्त साध्या द्विनेत्रीतून, म्हणजे बायनॉक्युलरमधून, आणि ही गोष्ट तुमच्या शाळेतही होण्यासारखी आहे. सव्वा वर्षातून एकदा तो आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो, तेव्हा १० गुणिले ५० च्या द्विनेत्रीतून अंधाऱ्या वावरातून दिसतो. पहिल्या रात्री मी तांबड्या कागदात गुंडाळलेल्या विजेरीच्या उजेडात वहीवर एक वर्तुळ काढलं आणि त्यात दिसतील तेवढे ठिपके मांडले, चौदा होते. कोणता सेरेस ते त्या रात्री ओळखता येत नाही, सगळे सारखेच. चार रात्रींनी त्याच जागी, त्याच वेळी दुसरं वर्तुळ काढलं. दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला धरले. तेरा ठिपके जुळले. एक जुळला नाही, तो पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा जास्त सरकला होता. माझ्याबरोबर एक नववीतला मुलगा होता, तो ओरडलाच, "सर, हा चालतोय!" आजोबांच्या व्याख्येनं त्या क्षणी तो ग्रह होता. पण त्या पट्ट्यात अशी लाखो भावंडं आहेत, हे त्या वहीवरून कळत नाही. त्यासाठी शेजारी कोण आहे ते पाहावं लागतं.

प्लूटोचं असंच झालं, फक्त शेजारी दिसायला जास्त वेळ लागला.

१८ फेब्रुवारी १९३० रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोनात, लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बोला तो सापडला. टॉम्बो चोवीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा. गारपिटीनं घरचं पीक गेलं म्हणून त्याला कॉलेजला जाता आलं नव्हतं, हे मी आपल्याकडच्या पोरांना आवर्जून सांगतो. २०१४ ची गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना ते जास्त समजावून सांगावं लागत नाही. त्यानं सहा दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन फोटोप्लेटा आळीपाळीनं डोळ्यासमोर आणल्या. हजारो ठिपक्यांत एकच ठिपका उडी मारत होता. माझ्या दोन कागदांचीच ही मोठी आवृत्ती.

सुरुवातीला लोकांना वाटलं, प्लूटो पृथ्वीएवढा जड असेल. मग दर काही वर्षांनी अंदाज खाली येत गेला. १९७८ मध्ये त्याचा उपग्रह शॅरन सापडला आणि अंदाज संपले. एखाद्याभोवती दुसरं काही फिरत असेल तर किती अंतरावरून, किती दिवसांत, एवढं कळलं की मधल्याचं वजन काढता येतं. शॅरन साडेसहा दिवसांच्या आत फेरी मारतो. वजन निघालं पृथ्वीच्या पाचशेव्या हिश्श्याएवढं. आपला चंद्रसुद्धा प्लूटोपेक्षा पाचपटीहून जड आहे. प्लूटोची वाटही वेगळीच: बाकीच्यांच्या पातळीशी सतरा अंशांनी कललेली आणि इतकी लांबट, की १९७९ ते १९९९ या काळात तो नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता.

एवढं सगळं कळूनही प्लूटो ग्रहच राहिला, कारण तिथं दुसरं कुणी सापडलेलं नव्हतं. १९९२ मध्ये डेव्हिड ज्युइट आणि जेन लू यांना नेपच्यूनच्या पलीकडे प्लूटोनंतरचा पहिला गोळा सापडला. मग दुसरा, मग शेकड्यांनी. त्या भागाला आता क्यूपर पट्टा म्हणतात. आणि जानेवारी २००५ मध्ये माइक ब्राऊन आणि त्याच्या सहकाऱ्यांना एरिस सापडला, प्लूटोच्याच मापाचा. आज माहीत आहे की एरिसचा व्यास प्लूटोपेक्षा किंचित कमी आहे, पण वजन सव्वा पटीहून थोडं जास्त. मग प्रश्न टाळता येईना. प्लूटो ग्रह असेल तर एरिस दहावा. आणि उद्या अकरावा, बारावा, पन्नासावा. १८०७ ते १८५० चं सगळं पुन्हा समोर उभं.

फरक एवढाच की आता आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ होता. नव्या गोळ्याला नाव द्यायचं तर कोणत्या नियमानं, कोणत्या समितीनं, हे ठरवायलाच तो ग्रह आहे की नाही हे आधी ठरणं भाग होतं. ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला संघाचं महाअधिवेशन भरलं. पहिला मसुदा आला त्यात जो स्वतःच्या वजनानं गोल झालाय आणि सूर्याभोवती फिरतो तो ग्रह. त्या हिशेबानं बारा ग्रह झाले असते: सेरेस परत, एरिस आत, आणि शॅरनसुद्धा. यावर आठवडाभर जोरदार वाद झाला. ग्रहांच्या हालचालींचं गणित करणाऱ्यांचं म्हणणं होतं, नुसत्या गोलपणावर कसं जमेल, त्याच्या शेजाऱ्यांचं काय? उरुग्वेच्या हुलिओ फर्नांडेझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तसा पर्याय मांडला. शेवटी २४ ऑगस्टला मान्य झालं ते असं: सूर्याभोवती फिरतो, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल होण्याइतका जड आहे, आणि ज्यानं आपल्या कक्षेचा परिसर मोकळा केलाय, तो ग्रह. पहिल्या दोन्ही अटी पुऱ्या करतो, तिसरी करत नाही आणि कुणाचा उपग्रहही नाही, तो बटुग्रह.

सभागृहात पिवळी कार्डं वर झाली. प्लूटोला बटुग्रहांत घालण्याचा ठराव २३७ विरुद्ध १५७ मतांनी झाला, सतरा तटस्थ. संघाचे सदस्य तेव्हा नऊ हजारांच्या पुढे होते, हजर राहून मत दिलेले चारशेच्या आसपास. यावर टीका झाली आणि ती रास्तच आहे, इतक्या महत्त्वाच्या गोष्टीला दूरच्या सदस्यांनाही मत देता यायला हवं होतं. पण मतं दहा हजार पडली असती तरी प्लूटोचं वजन गुंजभरही बदललं नसतं.

तिसरी अट सगळ्यांना अडते. 'परिसर मोकळा केला' हे शब्द ढिले आहेत, ते मी मान्य करतो. त्यामागची गोष्ट मात्र भक्कम आहे.

आमच्या वावरात मी लहान असताना ज्वारीची मळणी बैलांनीच व्हायची. खळ्याच्या मधोमध तिवडा रोवलेला, त्याला बांधलेली बैलांची पात गोल गोल फिरते. आता खळ्यात फक्त बैलच असतात असं नाही. कोंबड्या दाणे टिपत असतात, एखादं कुत्रं आत-बाहेर करतं, शिकाऊ गोऱ्हा पातीला जोडलेला असतो. तरीही ती वाट कुणाची, हे कुणाला विचारावं लागत नाही. बैल आला की कोंबडी बाजूला होते. गोऱ्हा चालतो तो बैलाच्या चालीनं. आता डोळ्यासमोर दुसरं खळं आणा, जिथं बैल नाहीच, नुसत्या पाचपन्नास कोंबड्या तिवड्याभोवती फिरताहेत. त्यातली एक जरा मोठी आहे. तिला कुणी बैल म्हणणार नाही, आणि त्यात तिचा अपमानही नाही.

गुरूच्या कक्षेत त्याच्या पुढे-मागे साठ अंशांवर दहा हजारांहून जास्त लघुग्रह आहेत. काही जण म्हणतात, मग गुरूनं तरी कुठं परिसर मोकळा केला? पण ते गुरूनंच धरून ठेवलेले आहेत. नेपच्यूनची वाट प्लूटो ओलांडतो, मग नेपच्यूनही ग्रह नाही का? नेपच्यूनचे तीन फेरे होतात तेवढ्यात प्लूटोचे बरोबर दोन होतात. हा मेळ नेपच्यूननं बसवलाय, त्यामुळे ते दोघं कधी जवळ येतच नाहीत. प्लूटो हा तिथला गोऱ्हा.

हे आकड्यांत मांडता येतं, आणि मला वर्गात नेहमी हेच दाखवायला आवडतं. स्टीव्हन सोटर या खगोलशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये साधा हिशेब केला: एखाद्या गोळ्याचं वजन घ्या आणि त्याच्या कक्षेच्या पट्ट्यात फिरणाऱ्या बाकी सगळ्यांच्या एकत्रित वजनानं भागा. पृथ्वीसाठी उत्तर येतं सुमारे सतरा लाख. म्हणजे आपल्या वाटेवरचं बाकी सगळं एका पारड्यात टाकलं तर पृथ्वी त्याच्या सतरा लाख पट भरते. मंगळ त्या मानानं किरकोळ, पण तोही पाच हजारांच्या पुढे. सेरेससाठी उत्तर एकापेक्षा कमी, प्लूटोसाठी ०.१ पेक्षाही कमी. पाच हजार आणि एक यांच्यामध्ये कुणीच नाही. ज्वारी आणि भूस वेगळं करताना चाळणीत मधलंच काही अडकत असेल तर भोकाचं माप कोणतं यावर भांडण होईल. इथं मधलं काही नाहीच. रेघ कुणीही, कुठंही ओढा, तेच आठ एका बाजूला पडतात. पृथ्वीला कुणी काढू शकत नाही ते यामुळे.

दुसऱ्या अटीबद्दल, गोलपणाबद्दल, थोडंच सांगतो. खडक हातात धरला तर कडक वाटतो, पण शेकडो किलोमीटरचा ढीग झाला की स्वतःच्या वजनापुढं त्याचा कडकपणा टिकत नाही. उंच भाग खचतात, सगळं मधल्याकडे ओढलं जातं आणि गोळा होतो. बर्फाचा गोळा चारशे किलोमीटरच्या आसपासच गोल होतो, खडकाला जास्त लागतं. व्हेस्टा सव्वापाचशे किलोमीटरचा आहे आणि पुरता गोल नाही. अडचण अशी की दूरचा गोळा दुर्बिणीत नुसता ठिपका दिसतो, त्याचा आकार कळायचा कसा? तो एखाद्या ताऱ्यासमोरून जाण्याची वाट पाहायची. याला पिधान म्हणतात, आणि हे मी स्वतः करतो. एका रात्री मी धारूरच्या घाटमाथ्यावर, एक विद्यार्थी वीस किलोमीटर उत्तरेला आणि तिसरा त्याच्याही पुढे, असे आम्ही एकाच ताऱ्यावर दुर्बिणी लावून बसलो होतो. माझा तारा चार सेकंद विझला. मधल्याचा दोन सेकंद. तिसऱ्याचा विझलाच नाही. त्या तीन नोंदींत एका लघुग्रहाची सावली होती, कुठं रुंद, कुठं अरुंद, कुठं संपलेली. एरिसचा व्यास २०१० मध्ये असाच मोजला गेला.

आता माझं मत. तिसऱ्या अटीवरचा सर्वांत जोरदार आक्षेप असा आहे की पृथ्वीच उचलून फार दूर नेऊन ठेवली तर तिलाही तिथला परिसर मोकळा करता येणार नाही. मग तोच गोळा इथं ग्रह आणि तिथं नाही, हे कसं? प्लूटोजवळून १४ जुलै २०१५ रोजी गेलेल्या न्यू होरायझन्स मोहिमेचे प्रमुख ॲलन स्टर्न आणि त्यांच्या बाजूचे अनेक भूशास्त्रज्ञ असं म्हणतात. त्यांचं काम गोळ्याच्या पोटात काय आहे याचं. प्लूटोवर नायट्रोजनच्या बर्फाची मैदानं आणि बर्फाचेच डोंगर दिसल्यावर त्यांना त्याला ग्रहच म्हणावंसं वाटणं मला पूर्ण समजतं. पण मला वाटतं, ग्रह हा शब्द 'काका'सारखा आहे. काका उंच आहे की बुटका, यावर तो काका ठरत नाही, नात्यावर ठरतो. तोच माणूस दुसऱ्या घरी मामा. गुरूचा उपग्रह गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे, तरी त्याला आपण उपग्रहच म्हणतो आणि त्यावर कुणी तक्रार करत नाही, कारण उपग्रह हा नात्याचा शब्द आहे हे सगळ्यांना मान्य आहे. आजोबांचं 'चालतो तो ग्रह' हेही ताऱ्यांशी असलेलं नातंच होतं. कोपर्निकसनं ते नातं सूर्याशी जोडलं, प्रागनं त्यात शेजारी आणले.

एक गोष्ट मात्र मला खटकते, आणि ती वर्गात गोंधळ करते. बुटक्या जातीचं आंब्याचं झाड आंब्याचंच झाड असतं, पण या व्याख्येत बटुग्रह हा ग्रह नसतो. प्रागमध्येच दोघांना एका छत्राखाली आणायचा ठराव आला होता. खगोलशास्त्रज्ञ जोसलिन बेल बर्नेल यांनी मंचावर खरोखरची छत्री उघडून तो समजावून सांगितला. तो पडला. माझ्या मते तो व्हायला हवा होता.

दुसरी उणीव अशी की व्याख्येत 'सूर्याभोवती' असं स्पष्ट लिहिलंय. १९९५ मध्ये ५१ पेगासी या ताऱ्याभोवती मेयर आणि केलोझ यांना ग्रह सापडला, २०१९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि आता परक्या ताऱ्यांभोवतीचे पाच हजारांहून अधिक ग्रह नोंदलेले आहेत. त्यांतल्या एकाचं नाव भारतानं सुचवलेलं 'सांतमस' आहे, त्याच्या ताऱ्याचं 'बिभा'. प्रागची व्याख्या त्यांना लागूच पडत नाही. त्यांच्यासाठी वेगळा कामचलाऊ नियम आहे: गुरूच्या तेरा पटीहून जड असेल तर पोटात ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, जळू लागतं, मग तो ग्रह नाही. त्यांचा परिसर मोकळा आहे की नाही हे इतक्या लांबून बहुतेक वेळा पाहताच येत नाही. म्हणजे व्याख्येत पुढं बदल होणार, आणि तो झाला तर वर्गात घाबरण्यासारखं काही नाही.

बदल कोणत्या बाजूनं होईल हेही त्या मुलीला सांगा, तिला आवडेल. गोलपणावरच ग्रह ठरवावा असं म्हणणाऱ्यांची व्याख्या उद्या मान्य झाली, तर सूर्यमालेत शंभराहून अधिक ग्रह होतील. प्लूटो परत येईल, सेरेस परत येईल, मोठे उपग्रहही ग्रह होतील. आणि त्यांच्याबरोबर आजीचा चंद्रही यादीत परत येईल. पृथ्वी दोन्ही याद्यांत आहेच.

वर्गात प्लूटोला 'काढलं', 'हाकललं' हे शब्द वापरू नका एवढीच विनंती. सेरेसचं सांगा आणि दोन कागदांचा प्रयोग करा. सुरुवात सेरेसऐवजी व्हेस्टापासून केलेली बरी. सूर्याच्या विरुद्ध बाजूला येतो तेव्हा तो जास्त तेजस्वी असतो आणि गावाबाहेरच्या माळावरून छोट्या द्विनेत्रीतही सापडतो. तो कधी, कोणत्या राशीत असेल ते मोबाइलवरच्या कुठल्याही चांगल्या आकाश-ॲपमध्ये मिळेल. अमावास्येच्या आसपासचा आठवडा धरा, म्हणजे चांदणं आड येणार नाही. पहिल्या रात्री ॲप बंद ठेवून लेकरांना फक्त ठिपके मांडायला सांगा, मोजून, घाई न करता. चार रात्रींनी दुसरा कागद. द्विनेत्री तालुक्यात मिळाली नाही तर कळवा, माझी घेऊन मी सेलूला येतो.